वरातीतला सॅक्सोफोन कुजबुजतो कसा?

लग्नसराईत बेळगावच्या खडक गल्लीतून वरात निघाली की नवरदेव दिसायच्या आधी बँड ऐकू येतो, आणि बँडमध्येही सॅक्सोफोन सगळ्यांत आधी. ताशाचा कडकडाट, ड्रमचे ठोके, मागून ढकलत आणलेल्या जनरेटरची घरघर या सगळ्यांवर मात करून तो गाण्याची चाल दोन गल्ल्या पलीकडे पोचवतो. डॉल्बी येण्याआधी बेळगाव काय, निपाणी काय, वरातीचा सगळा थाट या पितळी वाद्यावर चालायचा.

आता हेच वाद्य ‘आराधना’मधल्या (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’त आठवा. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन तिथे किशोरकुमारच्या आवाजाला अगदी खेटून आहे, पण एका शब्दावरही पाय देत नाही. आणखी पुढे जायचं तर १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘गेट्झ ऑ गो गो’ हा अल्बम ऐकावा. एका कॅफेतल्या थेट मैफलीची ही तबकडी. गाणारी बाई जवळपास बोलल्यासारखी गाते, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऐकू जाईल इतपतच. तिच्यासोबत उभा आहे तो वरातीतल्या सॅक्सोफोनचा सख्खा भाऊ, आणि तरी तिचा एकेक श्वास ऐकू येतो.

सॅक्सोफोनला आवाज कमीजास्त करायचं बटण नसतं. मग दोन गल्ल्या गाजवणारं वाद्य कुजबुजायला लागतं कसं? उत्तराचा थोडा भाग पत्तीत आहे, थोडा मायक्रोफोनात आणि बराचसा वाजवणाऱ्याच्या संयमात.

माणसं आणि मैफल

या तबकडीतली बोसा नोव्हा ही गाण्याची तऱ्हा ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोची निपज. सांबा हा तिथला मिरवणुकीचा, ढोलांचा, घामाघूम करणारा प्रकार. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रिओतल्या काही तरुणांनी तो सांबा घरात आणला, ढोल बाजूला ठेवले आणि सगळा ताल एका गिटारवर बसवला. संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम, कवी व्हिनिसियुस द मोराइस आणि गायक-गिटारवादक जुवांव जिल्बेर्तो ही यातली मुख्य नावं. १९५८ साली आलेल्या जुवांवच्या तबकडीपासून या गाण्याची सुरुवात मोजतात.

तिकडे अमेरिकेत स्टॅन गेट्झ हा टेनर सॅक्सोफोनवाला त्याच्या हलक्या, हवेशीर आवाजासाठी आधीच नावाजलेला होता. गिटारवादक चार्ली बर्डबरोबर त्याने १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात ‘जॅझ सांबा’ हा अल्बम केला. त्यात गाणारं कुणी नव्हतं, तरी तो अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये गेट्झ, जोबिम आणि जुवांव न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एकत्र आले. जुवांव पोर्तुगीजमध्ये गाणार होता. इंग्रजी ओळी कुणी गायच्या? जुवांवची बायको अस्त्रूद तिथेच होती. वय बावीस, व्यावसायिक गाण्याचा अनुभव शून्य, पण इंग्रजी येत होतं. तिला गायला सांगण्याची कल्पना नेमकी कुणाची, यावर पुढे बरेच वाद झाले. यश आलं की कल्पनेला बाप फार होतात. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ हा तो अल्बम १९६४मध्ये बाजारात आला आणि वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळवणारा पहिला जॅझ अल्बम ठरला.

त्यानंतर गेट्झ अस्त्रूदला घेऊन मैफली करू लागला. मुख्यतः ग्रीनिच व्हिलेज भागातल्या ‘कॅफे ऑ गो गो’ या छोट्या जागेतल्या कार्यक्रमांतून ‘गेट्झ ऑ गो गो’ तयार झाला. यात जुवांव नाही. पियानोही नाही. पियानोच्या जागी एकवीस वर्षांचा गॅरी बर्टन व्हायब्राफोन वाजवतो. ही पियानोची गैरहजेरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पितळेच्या नळीत वेताची पत्ती

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने हे वाद्य घडवलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यांसमोर होते लष्करी बँड. मोकळ्या मैदानात बासरी-क्लॅरिनेट ऐकू जात नाहीत आणि बिगुल-तुताऱ्यांना झरझर स्वर फिरवता येत नाहीत. सॅक्सला दोन्ही गुण एकाच वाद्यात हवे होते. म्हणजे मुळात हे वाद्य मोठ्याने वाजण्यासाठीच जन्माला आलं. वरातीतला सॅक्सोफोन आपल्या मूळ नोकरीवरच आहे म्हणायचा.

बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याची आणि लेथची कामं करणाऱ्यांना सॅक्सोफोन हातात द्यावा आणि त्यांचे चेहरे बघावेत. एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पितळी पत्र्याची ही नळी तोंडाकडे अरुंद असते आणि टोकाकडे रुंद होत जाते. टेनर सॅक्सोफोनची वळणं उलगडली तर ती सुमारे दीड मीटर भरेल. तिच्यावर वीसहून अधिक भोकं असतात. पुष्कळ वाद्यांत भोकाची उभी कड वेगळी जोडलेली नसते. लहान भोक पाडून त्यातून धातूचा गोळा आतून बाहेर ओढतात, म्हणजे पत्राच वर उचलला जाऊन काठ तयार होतो. मग तो काठ घासून सपाट करायचा. प्रत्येक भोकावर चामड्याची गादी असलेलं झाकण बसतं, आणि ते गोल काठावर सगळीकडून एकसारखं टेकलं पाहिजे. दुरुस्ती करणारा माणूस नळीत बारीक दिवा सोडतो, खोलीत अंधार करतो आणि एकेक झाकण हलकेच मिटतो. गादीच्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ दिसली की तिथून हवा गळते. जोरात वाजवताना ही गळती खपून जाते. हळू वाजवायला गेलं की खालचा स्वर फुटतो किंवा उमटतच नाही. म्हणजे कुजबुजण्याची पहिली अट ही चोख यंत्रकामाची आहे.

पण आवाज पितळेतून निघत नाही. तो निघतो तोंडात धरलेल्या मुखनळीवर बांधलेल्या वेताच्या पातळ पत्तीतून. आपल्या पेटीतही पत्त्या असतात, पण तिथे प्रत्येक स्वराची पत्ती वेगळी आणि स्वर पत्तीच्या लांबी-जाडीवर ठरतो. सॅक्सोफोनची पत्ती एकच. ती नळीतल्या हवेच्या तालावर नाचते. बोटांनी भोकं उघडली की हवेचा खांब आखूड होतो, त्याचा वेग वाढतो आणि पत्ती मुकाट्याने त्या वेगाला जुळवून घेते. सनईचंही तत्त्व हेच, फक्त तिला दोन पत्त्या असतात. सनई आणि सॅक्सोफोन दोघांच्याही नळ्या शंकूच्या आकाराच्या असल्याने फुंकर बदलली की स्वर बरोबर एक सप्तक वर उडी घेतो. क्लॅरिनेटची नळी सारख्याच रुंदीची असते, म्हणून ती सप्तकाच्याही पुढे पाच स्वर ओलांडून थेट वरच्या पंचमावर जाते.

फुंकर कमी केल्यावर काय होतं

आता मुख्य मुद्दा. जुन्या घराची खिडकी अर्धवट लोटलेली असताना वारा सुटला की काय होतं ते आठवा. वारा मंद असेल तर दार चौकटीजवळ येतं, मागे जातं, पुन्हा येतं, पण चौकटीला लागत नाही. वारा वाढला की तेच दार दर खेपेला चौकटीवर आदळतं आणि घरभर ठणठणाट होतो. सॅक्सोफोनची पत्ती हे असंच एक दार आहे. मुखनळीची फट ही तिची चौकट आणि फुंकर हा वारा.

फुंकर हलकी असते तेव्हा पत्ती फटीजवळ जाऊन परत येते, फट कधीच पूर्ण मिटत नाही. हवेचा प्रवाह सावकाश कमी होतो, सावकाश वाढतो. अशा गुळगुळीत हालचालीतून निघणाऱ्या आवाजात मूळ स्वर ठळक असतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे उपस्वर फार थोडे. असा आवाज कानाला गोल, मऊ लागतो.

फुंकर वाढवली की पत्ती प्रत्येक आवर्तनात फट पूर्ण बंद करते. २२० कंपनांच्या स्वरात सेकंदाला २२० वेळा हवा कापली जाते, तीही झटक्याने. अशा धारदार तुकड्यांतून वरच्या उपस्वरांची रांगच्या रांग उभी राहते. वरातीतल्या सॅक्सोफोनची चकाकी ती हीच. आपला कान सेकंदाला सुमारे २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यांत तिखट असतो, आणि नेमके तिथेच हे उपस्वर येऊन पडतात. त्यामुळे फुंकर थोडी वाढवली तरी आवाज कितीतरी मोठा झाल्यासारखा वाटतो.

‘स’, ‘च’, ‘त’, ‘ट’ अशा व्यंजनांची ओळख पटवणारे ध्वनीही बऱ्याच अंशी याच वरच्या पट्ट्यात असतात. म्हणजे सॅक्सोफोन जोरात वाजला की गायिकेचा सूर कदाचित ऐकू येईल, पण तिचे शब्द बुडतील. गेट्झ नेमका तो पट्टा मोकळा सोडतो. खालचा ओठ सैल, जबडा किंचित मागे, पत्तीवर ओठाचा मऊ भाग जास्त टेकवलेला. ओठ वरच्या उपस्वरांना दाबून टाकतो आणि स्वराबरोबर थोडी नुसती हवाही बाहेर पडते. वादक या पद्धतीला सबटोन म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं की वाद्य श्वास घेतंय.

हे सोपं मुळीच नाही. फुंकर एका मर्यादेखाली गेली की पत्ती हलतच नाही आणि स्वर बंद पडतो. त्या मर्यादेच्या जरा वर, तेही स्वर खाली न उतरू देता, ओळीमागून ओळी वाजवत राहणं हे मोठ्याने वाजवण्यापेक्षा कितीतरी कठीण. नवशिक्याचा सॅक्सोफोन नेहमी मोठाच वाजतो.

गळा, नाट्यगृह आणि मायक्रोफोन

आता गाणाऱ्या बाईकडे वळू. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि मराठी संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्या काळच्या गायक नटांना मायक्रोफोन माहीत नव्हता. पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं म्हणजे गळा खुला हवा, स्वर वरचा हवा, दम हवा. संगीत नाटकाची गायकी घडली त्यात या गरजेचा वाटा मोठा होता.

१९२५च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, पाठोपाठ रेडिओ आला आणि मायक्रोफोनने गायकाला ओरडण्यातून सोडवलं. मराठीत याचं सगळ्यांत सुंदर फळ म्हणजे भावगीत. गजानन वाटवे यांच्यापासून अरुण दाते यांच्यापर्यंतचं गाणं शेवटच्या रांगेसाठी नाही, शेजारी बसलेल्या एका माणसासाठी आहे. श्रीनिवास खळे यांनी बांधलेलं, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायलेलं ‘शुक्रतारा’ आलं तेही १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच. न्यूयॉर्कमध्ये अस्त्रूद गात होती त्याच्या आगेमागे. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण दोन्ही एकाच यंत्रामुळे शक्य झाली.

जुवांव जिल्बेर्तोने तर या हळू गाण्याचा जवळजवळ शास्त्रीय रियाज केला. १९५०च्या दशकाच्या मध्यावर तो दियामांतिना या गावी बहिणीच्या घरी राहत होता. तिथल्या न्हाणीघरात गिटार घेऊन तो तासन्‌तास बसायचा, कारण फरश्यांच्या भिंती आवाज परत फेकत आणि अगदी हलका स्वरही स्वतःला स्पष्ट ऐकू येई. तिथेच त्याने स्वर हलवणं, लांबवणं, नाटकी चढउतार करणं सोडून दिलं. अस्त्रूदचं गाणं त्याच वाटेवरचं आहे. स्वर सरळ, कंपनाशिवाय, बोलण्याच्या ताकदीत. काही जाणकार तिला कच्ची गायिका म्हणत, आणि सूर किंचित उतरतो हे खरंही आहे. मला तो दोष वाटत नाही. तयारीचा गळा असता तर तिने गेट्झशी स्पर्धा केली असती आणि गाणं बिघडलं असतं.

मायक्रोफोन इथे नेमकं काय करतो, याचा हिशेब सोपा आहे. मोकळ्या जागेत आवाजाचा दाब अंतराच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झालं की दाब निम्मा, डेसिबलच्या मापात सहा डेसिबलची घट. समजा मायक्रोफोन गायिकेच्या ओठांपासून ५ सेंटिमीटरवर आणि सॅक्सोफोनच्या तोंडापासून ३ मीटरवर आहे. साठपट अंतराचा फरक म्हणजे सुमारे ३५ डेसिबलची सवलत बाईला मिळाली. बंद खोलीत भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे ही सवलत घटते, तरी उरते ती पुष्कळ. शिवाय एका दिशेने ऐकणारा मायक्रोफोन ओठांजवळ आणला की तो खालच्या स्वरांना जरा फुगवतो. कुजबुज कानाशी झाल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

सोळा मात्रांत पाच टाळ्या

दोघेही हळू गात-वाजवत असतील तर गाणं झोपून का जात नाही? कारण खालून ताल त्याला सतत टोचत असतो.

जुवांवच्या गिटारमध्ये अंगठा आणि बोटं दोन वेगळी कामं करतात. अंगठा खालच्या तारेवर सांब्याच्या मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरतो. बाकीची बोटं एकदम तारा उचलून छोट्या ढोलकीचे तिरकस ठोके देतात. हे तिरकस ठोके अंगठ्याच्या ठोक्यावर क्वचितच पडतात. ते थोडे आधी येतात किंवा थोडे नंतर.

चौकट: टाळी देऊन पाहा

तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा. पायाने १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर ठेका धरा. आता हाताने १, ४, ७, ११ आणि १४ या मात्रांवर टाळी द्या:

टा – – टा – – टा – – – टा – – टा – –

टाळ्यांमधली अंतरं ३, ३, ४, ३, ३ अशी आहेत. पाच टाळ्यांपैकी फक्त पहिली पायाबरोबर पडते, बाकीच्या चार अधांतरी. बोसा नोव्हात ढोलवाला कडेवर काठी टेकवून हा साचा बहुधा वाजवतो. आधी सावकाश जमवा, मग हवं तर वेग वाढवा.

टाळी जमली असेल तर लक्षात येईल की पुढची टाळी कधी येणार याची शरीर सतत वाट बघतं. आवाज न वाढवता ताण निर्माण करण्याची ही युक्ती आहे. जुवांव स्वतः या साच्याला बांधून घेत नाही, तो दर ओळीला ठोके सरकवतो. वर गाणंही त्या ठोक्यांच्या मागेपुढे तरंगत राहतं. ओळ मागे पडतेय असं वाटतं आणि शेवटी ती बरोबर जागेवर येते. आपल्याकडे तबल्याशी असा खेळ करून समेवर येणाऱ्या गायकाला दाद मिळते, तर हा माणूस तेच दाद न मागता करतो.

हिंदी चित्रपटांनीही हा ठेका लवकर उचलला. राहुलदेव बर्मन यांनी १९६६च्या ‘पति पत्नी’त आशा भोसले यांच्या ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’साठी तो वापरला.

एकाच वेळी न बोलण्याची शिस्त

टेनर सॅक्सोफोनचा पल्ला साधारण १०४ ते ६५९ कंपनांचा आहे. बाईचा गाण्याचा पल्ला त्याच्या मधोमध येतो. दोन आवाज एकाच पट्ट्यात असले की मोठा आवाज लहानाला झाकतो, हा कानाचा नियम. बाजारात मोटार गेली की समोरच्याचं वाक्य हरवतं, ते यामुळेच.

यावर गेट्झचा उपाय साधा आहे. अस्त्रूद गात असताना तो बहुतेक गप्प असतो. तिची ओळ संपली की पुढच्या ओळीआधीच्या फटीत तीन-चार स्वर ठेवतो आणि बाजूला होतो. आपली लांब ओळ तो तिचं कडवं संपल्यावरच वाजवतो. चांगला पेटीवाला भजनात हेच करतो आणि वाईट पेटीवाला हेच करत नाही.

पियानो का नव्हता, ते आता कळेल. पियानोवाला दोन्ही हातांनी सगळा मधला पट्टा भरून टाकू शकतो. व्हायब्राफोनमध्ये धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी आघात करतात आणि खालच्या नळ्या स्वराला घुमवतात. बर्टन दोन्ही हातांत मिळून चार काठ्या धरून चार स्वर एकदम वाजवतो. स्वर उमटल्याबरोबर विरायला लागतो, म्हणजे आपण होऊन जागा रिकामी करून देतो. धातूचा असूनही त्याचा आवाज थंडगार आणि पातळ आहे. सॅक्सोफोन आणि गळा यांच्या मध्ये याहून सभ्य शेजारी मिळणं कठीण.

थेट मैफलीत काय हाती लागतं

स्टुडिओत काचेमागे वेगळ्या खोलीत गायिकेला उभं करता येतं, चुकलेली ओळ पुन्हा घेता येते. कॅफेत ते नाही. सगळे वादक एका खोलीत, त्यामुळे प्रत्येक मायक्रोफोन थोडं थोडं सगळंच ऐकतो. अस्त्रूदच्या मायक्रोफोनमध्ये झांजेची सळसळ शिरते, सॅक्सोफोनच्या मायक्रोफोनमध्ये टाळ्या. ध्वनिमुद्रक याला गळती म्हणतात आणि वैतागतात. एक मायक्रोफोन वाढवला की त्यातली गळतीही वाढते, म्हणून नंतर काट्यांशी खेळून सगळं जुळवता येत नाही. वादकांना समतोल तिथल्या तिथे, आपल्या कानांनी आणि फुंकरीने साधावा लागतो. वरच्या सगळ्या युक्त्या थेट तबकडीत कसाला लागतात त्या अशा.

श्रोत्यांचाही यात हात असतो. रिओत बोसा नोव्हा वाढली ती कोपाकबानाच्या फ्लॅटमध्ये आणि एका बोळातल्या चिमुकल्या क्लबांत. बोळात गोंगाट झाला की वरच्या मजल्यावरचे रहिवासी खाली बाटल्या फेकत, म्हणून त्याचं नावच बाटल्यांचा बोळ पडलं. हळू गाण्याला इतकं ठोस उत्तेजन दुसऱ्या कुठल्या संगीताला मिळालं नसेल. आपल्याकडे डॉल्बीवाल्यांसाठी कुणी ही प्रथा सुचवू नये, एवढीच विनंती.

चोर्ल्याच्या घाटापलीकडे

ब्राझील आणि गोवा, दोन्हीकडे पोर्तुगिजांनी राज्य केलं, गोव्यात १९ डिसेंबर १९६१पर्यंत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्या शिदोरीवर गोंयकार वादक मुंबईच्या हॉटेलांत, जॅझ बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यांतली मोठी नावं.

सॅक्सोफोन आणि बाईचा गळा यांची आपल्या अंगणातली जोडी म्हणजे क्रिस पेरी आणि लॉर्ना कोर्देरो. मडगावच्या बोर्ड्याचा क्रिस पेरी ट्रम्पेटही वाजवायचा आणि सॅक्सोफोनही. कोकणी गाण्यांत त्याने जॅझ आणि लॅटिन ठेके मिसळले. लॉर्ना मात्र अस्त्रूदच्या अगदी उलट. भरदार, खडा, कडक आवाज. ती सॅक्सोफोनकडून जागा मागत नाही, घेते. एकाच प्रश्नाची ही दोन टोकाची उत्तरं आहेत, आणि मला विचाराल तर दोन्ही बरोबर. बार्द्रॉय बार्रेतो यांचा ‘नाचूंया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट याच संगीतावर उभा आहे. क्रिस पेरीची गाणी त्यात नव्याने वाजवलेली ऐकायला मिळतात.

गोव्याच्याच नेवरा गावचे ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागांचे प्रयोग केले. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर लुइस बँक्स यांच्या वाद्यवृंदात पॅम क्रेन गात आणि ब्राझ सॅक्सोफोन वाजवत. निरंजन झवेरी यांनी १९७८ साली मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच खेपेला सॉनी रोलिन्स आले आणि पुढे स्वतः स्टॅन गेट्झही येऊन वाजवून गेले. कर्नाटकातल्याच बंगळुरूच्या गायिका आर. ए. रमामणी आणि अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांनी ‘ज्योती’ हा अल्बम १९८३ साली केला. कद्री गोपालनाथ यांनी तर सॅक्सोफोनवर अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं आणि १९९४ साली ते लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये पोचले. गमक निघावेत म्हणून त्यांनी वाद्यात फेरफार करून घेतले होते.

खंत एकच. कॅफे ऑ गो गोमध्ये मायक्रोफोन लावणारं कुणीतरी होतं. मुंबईच्या हॉटेलांत आणि गोव्याच्या फेस्तांत रात्र रात्र चाललेल्या वादनाच्या थेट तबकड्या फारशा निघाल्याच नाहीत. जे आहे ते घरगुती टेपांवर. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या बँडवाल्यांच्या घरी, कुणाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, ऑर्केस्ट्रातल्या निवृत्त वादकाच्या ट्रंकेत असं काही पडलेलं असेल तर ते फेकू नका. चुंबकीय फीत दमटपणाने खराब होते आणि तिच्यावरचा थर सुटायला लागतो. चिकट झालेली किंवा बुरशी आलेली फीत घरच्या टेपरेकॉर्डरवर चालवून पाहू नका, ती एका फेरीत कायमची जाते. जाणकाराकडून ती संगणकावर उतरवून घ्या, आणि कोण वाजवतंय, कुठे, कोणत्या साली, एवढं तरी त्या वादकाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारून पाकिटावर लिहून ठेवा.